नुसतं उभं राहून दम का लागतो?

ठाण्यात वर्तकनगरच्या मैदानात गोपाळकाल्याच्या दिवशी सगळ्यांच्या माना वर असतात. २०१२ साली इथेच जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने नऊ थर लावले आणि १३.३४ मीटर, म्हणजे जवळपास ४४ फूट उंचीची नोंद गिनेस बुकात झाली. त्याआधीचा मान १९८१ पासून स्पेनमधल्या मानवी मनोऱ्यांकडे होता. २०२५ मध्ये याच वर्तकनगरात कोकण नगर गोविंदा पथकाने दहावा थर चढवला. अशा वेळी नजर सगळ्यात वरच्या गोविंदावरून हलत नाही, ते साहजिकच आहे.

पण पुढच्या वेळी जरा खाली बघा. दुसऱ्या-तिसऱ्या थरावर उभ्या असलेल्या गड्याच्या मांड्यांकडे. तो चढत नाही, उतरत नाही, काही फेकत नाही की ओढत नाही. खांद्यावर पाय घेऊन तो फक्त उभा आहे. तरी अर्ध्या मिनिटात त्याच्या मांड्या लटलटायला लागतात, कानशिलावरून घाम वाहतो, दात आवळले जातात. हालचाल शून्य, मग हा दम लागला कशाने?

प्रश्न गोविंदापुरता नाही. पाण्याने भरलेली बादली हातात धरून दोन मिनिटं नुसतं उभं राहून पाहा. झोपलेलं नातवंड कडेवर घेऊन बसच्या रांगेत थांबलेल्या आजीला विचारा. चालताना जेवढी दमणूक होत नाही तेवढी एका जागी थांबताना होते, हा सगळ्यांचा अनुभव आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर स्नायूच्या एका पेशीच्या आत, मिलिमीटरपेक्षा हजारो पटींनी लहान जगात उतरावं लागेल.

१. खांबाला भूक लागत नाही

शाळेत आपण शिकतो की बल लावलं आणि वस्तू हलली तरच ‘कार्य’ झालं. वस्तू जागची हलली नाही तर कार्य शून्य. या हिशेबाने इमारतीचा खांब काहीच कार्य करत नाही. वर्तकनगरातल्या म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या खांबांनी चार-चार मजले वर्षानुवर्षं पेलले. त्यांना ना घाम फुटला, ना जेवण लागलं. गोविंदाही तेच करतो, भार पेलतो आणि हलत नाही. मग खांबाला फुकटात जमतं ते मांडीला महागात का पडतं?

कारण खांब एकदा उभा केला की उभा राहतो. मांडी मात्र क्षणोक्षणी नव्याने उभी केली जाते. बाहेरून दिसणारी स्तब्धता आतल्या अखंड लगबगीतून तयार झालेली असते. ही लगबग कुणाची, ते आता पाहू.

२. दोर, सुतळी, काथ्या

काथ्याचा जाड दोर उलगडला की आत सुतळ्या निघतात, सुतळी उलगडली की काथ्याचे धागे. स्नायू उलगडायला गेलं तर असंच होतं. मांडीचा स्नायू म्हणजे तंतूंच्या जुड्यांची जुडी. यातला प्रत्येक स्नायुतंतू ही एकच पेशी असते. पेशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोल, इवलासा ठिपका येतो. स्नायूची पेशी तशी नसते. ती जाडीला केसाएवढी किंवा त्याहून बारीक, पण लांबीला कित्येक सेंटिमीटर असू शकते, आणि तिच्यात एक नव्हे तर शेकडो केंद्रकं असतात.

या पेशीच्या आत आणखी बारीक धागे एकमेकांना चिकटून भरलेले असतात. त्यांना सूक्ष्मतंतू म्हणू. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक सूक्ष्मतंतूवर गडद आणि फिकट पट्टे आलटून पालटून दिसतात, जणू रेल्वे फाटकाचा रंगवलेला दांडा. हे पट्टे म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या लहान लहान खोल्या आहेत. एका खोलीची लांबी साधारण अडीच मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा तीसेक खोल्या ओळीने मावतील.

या खोलीत दोन प्रकारचे धागे असतात. खोलीच्या दोन्ही टोकांच्या भिंतींना रोवलेले बारीक धागे मध्याकडे तोंड करून असतात. ते ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे. मधोमध जाड धागे असतात, ते मायोसिनचे. दोघांची टोकं एकमेकांत थोडी शिरलेली असतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अर्धवट गुंफावीत तशी.

स्नायू आखडतो तेव्हा ही खोली लहान होते. पण होते कशी? १९५० पर्यंत अनेक शास्त्रज्ञांना वाटत होतं की आतले धागेच केसाच्या बटेसारखे गुंडाळले जाऊन आखूड होत असावेत. मग १९५४ च्या मे महिन्यात ‘नेचर’ या विज्ञानसाप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन निबंध शेजारी शेजारी छापून आले. एक केंब्रिजच्या अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्के यांचा, दुसरा त्या वेळी अमेरिकेत काम करणाऱ्या ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोघं हक्सली, पण नात्याने एकमेकांचे कुणी नव्हेत. दोन्ही जोड्यांनी सूक्ष्मदर्शकातून तेच पाहिलं. स्नायू आखडताना गडद पट्ट्याची लांबी तेवढीच राहते, फिकट पट्टा मात्र अरुंद होत जातो. म्हणजे धागे आखूड होतच नव्हते, ते एकमेकांत सरकत होते.

काडेपेटी हातात घ्या. आतला खण अर्धा बाहेर ओढा. आता तो पुन्हा आत ढकला. पेटीची एकूण लांबी कमी झाली, पण खणही आखूड झाला नाही आणि टोपणही नाही. स्नायूच्या आत घडतं ते एवढंच. माझ्या मते गेल्या शतकातल्या जीवशास्त्राच्या सर्वांत देखण्या शोधांपैकी हा एक आहे.

३. थर आणि पायथा

एक खोली आखडून आखडून किती आखडणार? समजा अर्धा मायक्रॉन. डोळ्याला दिसणारही नाही. मग हात कोपरात दुमडतो तो कसा?

हिशेब करू. १० सेंटिमीटर लांबीच्या एका तंतूत अडीच मायक्रॉनच्या किती खोल्या ओळीने बसतील? चाळीस हजार. प्रत्येकीने अर्धा मायक्रॉन चोरला तर चाळीस हजार गुणिले अर्धा म्हणजे वीस हजार मायक्रॉन, म्हणजेच पुरे दोन सेंटिमीटर. शिवाय सगळ्या खोल्या एकाच वेळी आखडत असल्यामुळे वेळ एका खोलीला लागतो तेवढाच लागतो. गुरुवारच्या देवळाच्या रांगेची कल्पना करा. रांगेत चाळीस हजार माणसं आहेत आणि प्रत्येकाने पुढच्या माणसाशी असलेलं अंतर फक्त एका वितीने कमी केलं. शेवटच्या माणसाला किती चालावं लागेल? जवळपास नऊ किलोमीटर! स्नायूला वेग आणि पल्ला मिळतो तो या रांगेतून.

ताकद मात्र रांगेतून मिळत नाही. साखळीला दहा कड्या असोत वा हजार, ती ओढ सहन करणार एका कडीएवढीच. ताकद हवी तर शेजारी शेजारी आणखी साखळ्या लावायला हव्यात. मनोरा रचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. थर वाढले की उंची वाढते. पण भार पेलायचा तर पायथा रुंद लागतो. स्नायूतही असंच: लांबीने पल्ला मिळतो, जाडीने बळ. व्यायामाने दंड भरतो तेव्हा तंतूंची संख्या फारशी वाढत नाही; असलेल्या तंतूंच्या आत नवे सूक्ष्मतंतू शेजारी शेजारी रचले जातात आणि तंतू जाड होतो. म्हणजे पायथाच रुंदावतो.

४. विहिरीवरचे हात

धागे सरकतात हे कळलं. त्यांना सरकवतं कोण?

मायोसिनच्या जाड धाग्याच्या दोन्ही अंगांना शेकडो लहान डोकी फुटलेली असतात, दोन्हीकडे मिळून सुमारे सहाशे. ही डोकी समोरच्या ॲक्टिनच्या धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात, पुढे होऊन पुन्हा धरतात. विहिरीतून पोहरा शेंदताना आपले हात काय करतात ते आठवा. एका हाताने दोर ओढायचा, मग ती पकड सोडून हात पुढे न्यायचा, पुन्हा धरायचं, पुन्हा ओढायचं. मायोसिनचं डोकं दोर शेंदतं. फरक एवढाच की इथे एका दोराला दोन हात नाहीत, अनेक हात आहेत, आणि प्रत्येक जण आपापल्या तालात शेंदतोय. काहींनी पकड सोडलेली असते तेव्हा बाकीच्यांनी धरून ठेवलेलं असतं, म्हणून दोर मागे सुटत नाही.

एका ओढीत धागा सरकतो पाच ते दहा नॅनोमीटर. एका मायक्रॉनचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आणि एका डोक्याची ताकद किती? साधारण पाच पिकोन्यूटन. या आकड्याने काहीच बोध होत नाही, म्हणून तो डासाच्या मापाने मोजू. अडीच मिलिग्रॅम वजनाचा एक डास तोलून धरायला अशी पन्नास लाख डोकी एकाच वेळी ओढत हवीत. आता पन्नास किलोचा गोविंदा. तो वजनाने दोन कोटी डासांएवढा. पन्नास लाख गुणिले दोन कोटी म्हणजे एकावर चौदा शून्यं, शंभर लाख कोटी. एवढी डोकी एकदम शेंदत राहिली तेव्हा कुठे एक माणूस अधांतरी तोलला जातो. प्रत्यक्षात हाडं आणि सांधे यांच्या तरफेमुळे हा आकडा जागोजागी बदलतो, पण अंदाज यायला एवढं पुरे.

इतक्या सूक्ष्म ओढी मोजता येतात हेच मुळात नवल आहे. लेझरच्या किरणाने बारीक मणी किंवा थेंब चिमटीत धरावा तसा धरून ठेवता येतो आणि त्याला प्रथिनाचा एक रेणू किती जोराने ओढतो हे पाहता येतं. मायोसिनची दोन भावंडं, कायनेसिन आणि डायनीन, पेशीच्या आत मालाची ने-आण करतात. त्यांच्यातली रस्सीखेच मोजण्याचं मोलाचं काम मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांच्या प्रयोगशाळेत झालं. २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार मलिक यांना या कामासाठी मिळाला.

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊ. विहिरीवर उभे राहून पोहरा वर न घेता नुसता एका उंचीवर धरून ठेवायचा आहे असं समजा. आपण दोर घट्ट आवळून थांबू शकतो. पण तुमच्या मुठीला शाप असता, की कुठलीही पकड क्षणापेक्षा जास्त टिकायची नाही, तर? मग पोहरा जागेवर ठेवायलासुद्धा हात बदलत राहावं लागलं असतं. धर, ताण, सोड, पुन्हा धर. पोहरा हलला नसता, पण हातांना उसंत मिळाली नसती. मायोसिनच्या डोक्यांची नेमकी हीच गत आहे. स्तब्ध उभ्या गोविंदाच्या मांडीत प्रत्येक डोकं धरतं, ओढून बघतं, धागा हलत नाही, सोडतं, पुन्हा धरतं. आणि प्रत्येक फेरीला एक नाणं मोजावं लागतं.

५. पैसे सोडायला लागतात

त्या नाण्याचं नाव एटीपी. पेशीत जागोजागी खर्ची पडणारा हा लहानसा रेणू. तो शोधून काढण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. १८९५ साली आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात सायरस फिस्के यांच्याबरोबर काम करत होते. १९२७ मध्ये या दोघांनी स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन ओळखलं आणि १९२९ मध्ये एटीपी वेगळं केलं. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही ते शोधलं. पुढे औषधकंपनीत गेल्यावर सुब्बाराव यांच्या चमूने हत्तीरोगावरचं औषधही शोधलं, जे आजही आपल्याकडे गावोगाव वाटलं जातं. असं काम करणाऱ्या माणसाचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळक असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

एटीपीचा खर्च कुठल्या क्षणी होतो, हे नीट पाहण्यासारखं आहे. आपल्याला वाटेल, ओढताना होत असेल. पण क्रम वेगळा आहे. धाग्याला घट्ट चिकटून बसलेल्या डोक्यावर एटीपीचा रेणू येऊन बसतो, तेव्हा ते डोकं पकड सोडतं. मग एटीपी फुटतो आणि त्यातून निघालेल्या ऊर्जेने डोकं मागे ताणलं जातं, उंदराच्या सापळ्याची कमान ताणून ठेवावी तसं. आता ते पुढच्या जागी धाग्याला टेकतं आणि सापळा सुटावा तसं फटकन पुढे येतं. धागा ओढला जातो आणि डोकं तिथेच घट्ट अडकून राहतं, पुढचा एटीपी येईपर्यंत.

पुढचा एटीपी आलाच नाही तर? तर डोकं सुटतच नाही. याचा पुरावा प्रत्येक घराने कधी ना कधी पाहिलेला असतो. माणूस गेल्यावर काही तासांत अंग ताठायला लागतं. म्हणून घरातली जाणती माणसं आधीच हातपाय सरळ करून ठेवतात. श्वास थांबला की एटीपी तयार होणं थांबतं; शिल्लक संपली की कोट्यवधी डोकी धाग्यांना धरलेल्या अवस्थेत तशीच राहतात. साधारण बारा तासांत शरीर पूर्ण ताठतं आणि मग प्रथिनंच झिजू लागली की दीडेक दिवसात ते पुन्हा सैल होतं. तेव्हा घट्ट धरून राहण्याला काही खर्च पडत नाही. पडतो तो सोडण्याला, आणि सोडून पुन्हा धरायला सज्ज होण्याला.

जवळजवळ फुकटात धरून ठेवणारे जीव जगात नाहीत असंही नाही. खाडीच्या खडकावरची कालवं उघडायला कोयता का लागतो? त्यांच्या शिंपा मिटवून धरणाऱ्या स्नायूत एक भाग असा असतो की तो एकदा आवळला की फारच थोड्या खर्चात तासन्‌तास तसाच राहतो. आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायूही पुष्कळसं असंच करतात. पण हे स्नायू मंद. झटकन धावायचं, उडी मारायची, तोल सांभाळायचा तर झटकन सोडता आलं पाहिजे. आपल्या मांडीने चपळाई घेतली आणि तिची किंमत म्हणून स्थिर उभं राहणं महाग करून घेतलं.

बरं, स्नायूत एटीपीचा साठा तरी किती? पूर्ण जोर लावला तर दोन-तीन सेकंदांपुरता. म्हणून फॉस्फोक्रिएटिन लगेच धावून येतं आणि रिकाम्या नाण्यांवर पुन्हा छाप मारून देतं. ते आणखी दहाएक सेकंद पुरतं. पुढे साखर जाळावी लागते, आधी ऑक्सिजनविना घाईघाईने, मग ऑक्सिजन घेऊन सावकाश. इथेच नुसतं उभं राहणाऱ्याची खरी अडचण होते. चालताना स्नायू आवळतो आणि सैल पडतो, त्यामुळे रक्त आत येतं आणि बाहेर जातं. पण जोराने आवळून धरलेला स्नायू आपल्याच आतल्या रक्तवाहिन्या चेपून टाकतो, बागेच्या नळीवर पाय द्यावा तशा. खर्च चालू आणि आवक बंद. चालण्यापेक्षा थांबणं जास्त दमवतं ते यामुळे.

मग एटीपी संपून जिवंत माणूसच ताठ होऊन जात नाही का? नाही, आणि यात शरीराचा मोठा सावधपणा आहे. एटीपी खरोखर संपण्याच्या कितीतरी आधी स्नायूचा जोर कमी होऊ लागतो. एटीपी फुटताना सुटणारं फॉस्फेट साठत जातं आणि त्यामुळे डोक्यांची ओढ ढिली पडते. आपण त्याला ‘पाय गळाले’ म्हणतो.

६. शिट्टी वाजते

ही डोकी सदासर्वकाळ ओढत बसत नाहीत. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या स्नायूत ॲक्टिनच्या धाग्यावर एक बारीक दोरा गुंडाळलेला असतो, जो डोक्यांना टेकायच्या जागा झाकून ठेवतो. झाकण उघडायचं तर कॅल्शियम लागतं. हे मुख्यत्वे जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात सिद्ध केलं. दुधातलं, नाचणीतलं, हाडांतलं हेच ते कॅल्शियम.

पथकाचा प्रशिक्षक शिट्टी फुंकतो, तसा मणक्यातून निघालेल्या चेतातंतूतून विजेचा ठोका येतो. तो पेशीच्या पृष्ठभागावरून धावतो आणि आत शिरलेल्या बारीक नळ्यांमधून थेट खोलवर पोचतो. तिथे कॅल्शियमने भरलेल्या पिशव्या असतात. त्या उघडतात, पेशीतलं कॅल्शियम क्षणार्धात शंभरेक पटींनी वाढतं, झाकणं सरकतात आणि सगळ्या खोल्यांतली डोकी एकदम कामाला लागतात. ठोका थांबला की पंपासारखी काम करणारी प्रथिनं ते कॅल्शियम पुन्हा पिशव्यांत भरतात. त्यालाही एटीपी लागतं, आणि बरंच लागतं. म्हणजे स्नायू आवळण्याचा आदेश मागे घेणं हासुद्धा खर्चाचाच भाग.

रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो तेव्हा चेतातंतूचे ठोके नको असताना येत राहतात आणि स्नायूला सुटीच मिळत नाही. पायाचा चवडा आपल्याकडे ओढून पोटरी ताणली की बहुधा आराम पडतो, कारण त्या ताणाची वर्दी मणक्याला पोचते आणि ठोके आवरले जातात.

७. मांडी का थरथरते

एका ठोक्याने स्नायूचा तंतू एकदाच, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापुरता आवळतो आणि सुटतो. सलग आवळून ठेवायचं तर ठोके लागोपाठ यावे लागतात. एक चेतातंतू आपल्या हाताखालच्या काही तंतूंना एकदम हुकूम देतो. डोळ्याच्या नाजूक स्नायूत असे दहाएक तंतू, पोटरीत हजाराच्या आसपास. अशा अनेक टोळ्या मिळून एक स्नायू.

ताशाचं पथक आठवा. एका ताशाचा आवाज तुटक असतो. पण चाळीस ताशे एकत्र वाजले, कुणाची टिपरी थोडी आधी, कुणाची थोडी नंतर, की कानाला अखंड गडगडाट ऐकू येतो. स्नायूतल्या टोळ्याही अशाच एकमेकींशी ताल न जुळवता ठोके घेतात, म्हणून हात आपल्याला स्थिर दिसतो. अगदी निवांत धरलेल्या हातातही सेकंदाला आठ-दहा वेळा बारीक कंप असतोच, तो फक्त नजरेला येत नाही.

दमणूक वाढली की हे चित्र पालटतं. आधी कामाला असतात त्या लहान, चिवट टोळ्या. त्या कमी पडू लागल्या की मोठ्या टोळ्या बोलावल्या जातात. त्या जोरकस, पण लवकर थकणाऱ्या. (कोंबडीची तंगडी गडद आणि छाती पांढरी का, याचं उत्तरही यातच आहे. दिवसभर उभं राहायला चिवट, लालसर तंतू. क्षणभर पंख फडफडवायला जोरकस, फिकट तंतू.) मोठ्या टोळीचा प्रत्येक ठोका मोठा धक्का देतो, शिवाय दमलेल्या स्नायूत टोळ्या एकमेकींच्या तालात यायला लागतात. मग ताशांचा गडगडाट संपून एकेक टिपरी वेगळी ऐकू येते. वर्तकनगरच्या मैदानातून दिसणारी मांडीची थरथर म्हणजे हीच टिपरी.

अनेक पथकांचा सराव गुरुपौर्णिमेला सुरू होतो. तिथून गोपाळकाल्यापर्यंत दिवस मिळतात चाळीसच्या आसपास. एवढ्या अवधीत मांडीचा घेर फारसा वाढत नाही, पण पेलण्याची ताकद मात्र स्पष्ट वाढते. याचं कारण पहिल्या काही आठवड्यांत स्नायूपेक्षा चेतासंस्था जास्त शिकते: कुठली टोळी केव्हा बोलवायची, किती ठोके द्यायचे, समोरच्या विरोधी स्नायूला केव्हा सैल सोडायचं. दंड न फुगताही गडी तयार होतो तो असा.

८. थर उतरताना

हंडी फुटली, सलामी झाली, की थर उतरवायचे असतात. बघणाऱ्यांचं लक्ष तोवर उडालेलं असतं, आणि स्नायूंच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण भाग तेव्हाच सुरू होतो. वरचा भार खांद्यावर घेऊन गुडघे सावकाश दुमडत खाली बसायचं, म्हणजे मांडीचा स्नायू आवळलेला असतानाच लांब होत जातो. डोकी धाग्याला धरून आहेत आणि धागा उलट दिशेला ओढला जातोय. अशा वेळी स्नायू एरवीपेक्षा जास्त भार तोलू शकतो, तोही कमी एटीपीमध्ये, कारण पुष्कळशी डोकी एटीपीची वाट न पाहता ओढीनेच उपटली जातात.

पण या ओढाताणीत काही खोल्यांची मांडणी विसकटते. भिंती वाकड्या होतात, टायटिन नावाचा स्प्रिंगसारखा धागा ताणला जातो. मानवी शरीरातलं हे सर्वांत मोठं प्रथिन. त्याच रात्री फारसं काही जाणवत नाही. दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. त्याचा दोष अनेक जण अजूनही लॅक्टिक ॲसिडला देतात. ते तर हंडीच्या दिवशीच तासाभरात रक्तावाटे निघून गेलेलं असतं. दुखतात त्या विसकटलेल्या खोल्या आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी आलेली सूज.

म्हणून गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्ट नसलेल्या इमारतीत एखादा गोविंदा जिना चढताना बऱ्यापैकी चढतो, पण उतरताना कठड्याला धरून, एकेक पायरी आडव्या पायाने उतरतो. उतरताना मांडीला पुन्हा तेच करावं लागतं, आवळून राहत लांब व्हावं लागतं. चार-पाच दिवसांत मोडलेल्या खोल्या पुन्हा रचल्या जातात. त्यानंतर काही आठवडे तेवढाच भार तसाच उतरवला तर दुखणं पुष्कळ कमी असतं. सराव करून आलेल्या गड्याने हे दुखणं बहुतेक आषाढातच भोगून संपवलेलं असतं.